थायरॉइडची गोळी: खरंच लागते का, आणि लागली तर दुष्परिणाम कसे ओळखायचे

रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) ६.८ येतो, आकड्यापुढे ठळक अक्षरांत 'हाय' छापलेलं असतं आणि चार दिवसांत गोळी सुरू होते. या घाईत दोन प्रकारचं नुकसान होतं. ज्यांना गोळीची गरजच नव्हती त्यांची ती वर्षानुवर्षं चालू राहते. ज्यांना ती खरोखर हवी असते, ते छातीत धडधडलं किंवा केस गळले की घाबरून आपल्या मनाने बंद करतात. गरज कशी ठरवायची आणि त्रास नेमका कशाचा आहे हे कसं शोधायचं, ते इथे सविस्तर दिलं आहे. शेवटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा आहे, पण नेमके प्रश्न घेऊन गेलात तर तो चांगला होतो.

आधी स्ट्रिपवरचं नाव वाचा

थायरॉइडची म्हणून दिली जाणारी औषधं दोन जातींची आहेत आणि त्यांचं काम एकमेकांच्या अगदी उलट आहे. ग्रंथी कमी काम करत असेल (हायपोथायरॉइडिझम) तर लेव्होथायरॉक्सिन देतात. ग्रंथी जो टी-४ नावाचा हार्मोन बनवते, तोच हा, फक्त बाहेरून दिलेला. ग्रंथी जास्त काम करत असेल (हायपरथायरॉइडिझम) तर तिला आवर घालायला कार्बिमाझोल, मेथिमाझोल किंवा प्रोपिलथायोयुरासिल देतात.

दुष्परिणामांच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. लेव्होथायरॉक्सिन शरीराला अनोळखी नाही, त्यामुळे त्याचे जवळजवळ सगळे त्रास डोस कमी-जास्त झाल्याचे असतात आणि डोस दुरुस्त केला की जातात. कार्बिमाझोलच्या जातीच्या औषधांचे त्रास मात्र खुद्द औषधाचे असतात. ते अगदी बरोबर डोसवरही होऊ शकतात आणि त्यातला एक इतका गंभीर आहे की त्याच दिवशी हालचाल करावी लागते. म्हणून दुसऱ्याचा अनुभव ऐकून घाबरण्याआधी त्याची गोळी कोणती होती ते विचारा.

एका रिपोर्टवर निर्णय नको

टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा हार्मोन आहे. रक्तातला टी-४ जरासा घसरला तरी पिट्युटरी टीएसएच कितीतरी पटींनी वाढवते. म्हणूनच टीएसएच थोडा वर आणि फ्री टी-४ (रक्तात मोकळा असलेला टी-४) नॉर्मल, असा रिपोर्ट इतक्या वेळा दिसतो. याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. बहुतेक लॅब प्रौढांसाठी साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ ही रेंज छापतात, पण वय वाढेल तसा टीएसएच आपसूक थोडा वर सरकतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाचा ६ आणि तिशीतल्या बाईचा ६ यांचा अर्थ एक नाही. छापील रेंजमध्ये हा फरक बहुधा दाखवलेला नसतो.

आकडा तात्पुरता वाढण्याची कारणंही बरीच आहेत. मोठ्या आजारपणातून उठताना टीएसएच काही आठवडे वर राहतो. रात्री आणि पहाटे तो जास्त असतो, दुपारी उतरतो. त्यामुळे पहिली तपासणी सकाळी सातला आणि दुसरी दुपारी तीनला केली तर फरक आजाराचा की घड्याळाचा, हे कळत नाही. लिथियम आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन ही औषधं ग्रंथीच्या कामात खरोखर ढवळाढवळ करतात. केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतलं बायोटिन तर तपासणीच्या रसायनालाच चकवतं: अनेक यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त येतो. धडधाकट माणसाला हायपरथायरॉइडिझम असल्यासारखा रिपोर्ट हातात पडतो. बायोटिन तपासणीच्या निदान दोन-तीन दिवस आधी थांबवा. डोस मोठा असेल तर किती दिवस थांबायचं ते लॅबला विचारा.

म्हणून टीएसएच किंचित वाढलेला असेल आणि प्रकृती ठीक असेल तर दोन ते तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला पुन्हा तपासा. या वेळी सोबत फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ अँटिबॉडी (शरीर आपल्याच थायरॉइडविरुद्ध बनवतं ती प्रथिनं) यांची तपासणी करून घ्या. बऱ्याच जणांचा टीएसएच या दुसऱ्या तपासणीत आपोआप रेंजमध्ये आलेला असतो. गरोदर बाई किंवा गरोदर राहण्याच्या प्रयत्नात असलेली बाई मात्र या थांबण्यात धरू नका. तिथे लगेच डॉक्टरांकडे जायचं.

गोळी कोणाला लागते

टीएसएच वर आणि फ्री टी-४ रेंजच्या खाली असेल तर चर्चेला जागा नाही. गोळी हवी, आणि बहुधा कायमची. टीएसएच दोनदा १० च्या वर आला तर टी-४ नॉर्मल असूनही बहुतेक डॉक्टर औषध सुरू करतात. फार म्हाताऱ्या माणसांत तेवढा जास्त विचार करतात. ग्रंथी काढून टाकली असेल किंवा रेडिओआयोडीन (ग्रंथीच्या पेशी मारणारं किरणोत्सारी औषध) दिल्यावर ती निकामी झाली असेल तर प्रश्नच उरत नाही.

खरी अडचण ४.५ ते १० च्या पट्ट्यात आहे आणि बहुसंख्य लोक नेमके तिथेच असतात. इथे आकड्यापेक्षा माणूस बघावा लागतो. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असेल तर ग्रंथीवर शरीराचाच हल्ला चालू आहे, म्हणजे पुढे टी-४ घसरण्याची शक्यता जास्त. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम इथे वीस वर्षं चाललेल्या पाहणीत, टीएसएच वाढलेला आणि अँटिबॉडीही असलेल्या बायकांपैकी वर्षाला सुमारे ४.३ टक्के उघड, म्हणजे टी-४ही घसरलेल्या, हायपोथायरॉइडिझमपर्यंत पोहोचल्या. अँटिबॉडी नसताना हे प्रमाण २.६ टक्के होतं. शक्यता खरी आहे, पण उद्याच काही होणार असं नाही. वर्षातून एकदोनदा टीएसएच बघत राहणं हाही उपचाराचाच एक मार्ग आहे.

थकवा, वजन, बद्धकोष्ठता, विसरभोळेपणा यांसाठी गोळी घेतली जाते. त्याबाबत २०१७ साली प्रसिद्ध झालेली ट्रस्ट नावाची चाचणी डोळ्यांसमोर ठेवा. पासष्टीच्या पुढच्या ७३७ जणांना लेव्होथायरॉक्सिन किंवा हुबेहूब तशीच रिकामी गोळी दिली. औषधवाल्यांचा टीएसएच उतरला, पण वर्षभराने थकव्यात किंवा इतर लक्षणांत दोन गटांत फरक दिसला नाही. पुढे २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या गटाने प्रौढांच्या सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझममध्ये सरसकट गोळी देऊ नये, अशी ठाम शिफारस केली. त्यातून त्यांनी काही जणांना वगळलं: गरोदर राहू पाहणाऱ्या बायका, टीएसएच २० च्या वर असलेले, तीव्र लक्षणं असलेले आणि तिशीच्या आतले तरुण. तुम्ही या वगळलेल्यांत बसता का, हा डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न.

साठीच्या आतल्या, लक्षणं असलेल्या आणि अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्या माणसाला गोळी देऊन बघायला हरकत नाही. मात्र तो प्रयोग आहे हे पहिल्या दिवशीच ठरवा. सुरू करण्याआधी तुम्हाला सर्वांत छळणारी तीन लक्षणं तारखेसह लिहा आणि प्रत्येकाला दहापैकी गुण द्या. टीएसएच रेंजमध्ये येऊन तीन-चार महिने झाले की कागद न बघता पुन्हा गुण द्या आणि मग ताडून बघा. काहीच बदललं नसेल तर लक्षणांचं मूळ दुसरीकडे आहे: रक्तातलं लोह, बी-१२, झोपेतलं घोरणं, नैराश्य, साखर. ते शोधायचं सोडून गोळीचा डोस वाढवत नेणं ही या सगळ्यातली सर्वांत नेहमीची चूक आहे.

नुसती अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि टीएसएच नॉर्मल असेल तर औषध लागत नाही. वर्षातून एकदा टीएसएच पुरे. अँटिबॉडीचा आकडा पुन्हा पुन्हा मोजून काही हाती लागत नाही, उपचार त्यावर ठरत नाहीत.

डोस, आणि गोळी घेण्याची रीत

ग्रंथी जवळजवळ बंद असेल तर पूर्ण डोस वजनाच्या किलोमागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम बसतो. साठ किलोच्या माणसाला साधारण १००. सबक्लिनिकलमध्ये एवढा लागत नाही, २५ ते ५० वर काम भागतं. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला १२.५ किंवा २५ पासून सुरुवात करतात आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी तेवढ्याच छोट्या पायऱ्यांनी वर नेतात. ही सबुरी गरजेची आहे. हार्मोन वाढला की हृदयाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि रक्तवाहिन्या अरुंद असतील तर छातीत दुखू लागतं.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. कॉफीसुद्धा नाही. सकाळी जमत नसेल तर रात्री शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी घ्या. दोन्ही चालतं, पण रोज एकच वेळ पाळा. कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेलं अँटासिड आणि सुक्रालफेट यांच्यात आणि गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. ते गोळीला आतड्यातच धरून ठेवतात. ॲसिडिटीसाठी रोज ओमेप्राझोलसारखं औषध सुरू झालं किंवा बंद झालं तर डोस पुन्हा जुळवावा लागू शकतो, डॉक्टरांना सांगा. स्ट्रिपमधून गोळ्या काढून डबीत भरून ठेवू नका. ऊन, उष्णता आणि दमटपणाने औषधाची ताकद जाते.

शरीरातला अर्धा टी-४ संपायला सुमारे सात दिवस लागतात. यातून व्यवहाराच्या तीन गोष्टी निघतात. एक दिवस गोळी चुकली तर बिघडत नाही. त्याच दिवशी आठवली तर घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच घ्या. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच तपासण्यात अर्थ नाही, आकडा अजून सरकत असतो. आणि दोन महिने गोळ्या चुकवून तपासणीच्या आधीचे चार दिवस नेमाने घेतल्या तर फ्री टी-४ छान दिसतो पण टीएसएच चढलेलाच राहतो. असा रिपोर्ट बघून डोस वाढवला गेला आणि नंतर गोळी खरोखर नेमाने सुरू झाली, तर ओव्हरडोस होतो. चुकलेल्या गोळ्या डॉक्टरांपासून लपवू नका. तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यावरच गोळी घ्या, कारण गोळीनंतर काही तास टी-४ थोडा चढलेला असतो.

कंपनी बदलली तरी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघा. दोन कंपन्यांच्या गोळ्यांवर आकडा एकच लिहिलेला असला तरी अंगी लागण्यात फरक पडू शकतो.

डोस जास्त झाल्याची चिन्हं

धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, घाम, उकाडा सहन न होणं, वारंवार शौचाला लागणं, चिडचिड, खाऊनही वजन उतरणं. ही यादी हायपरथायरॉइडिझमचीच आहे, कारण जास्त गोळी म्हणजे बाहेरून आणलेला हायपरथायरॉइडिझम.

घरी दोन गोष्टी तपासता येतात. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोटं ठेवून पूर्ण साठ सेकंद नाडी मोजा आणि लिहून ठेवा. आठवडाभर रोजच्यापेक्षा पंधरा-वीसने जास्त लागत असेल, किंवा ठोके मधूनच चुकत, कसेही पडत असतील तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. दुसरं, दोन्ही हात समोर सरळ ताणून तळवे खाली करा, बोटं फाकवा आणि वर एक पातळ कागद ठेवायला सांगा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बारीक थरथर कागदाच्या कडेला स्पष्ट दिसते. चिंता, जास्त कॉफी किंवा दम्याचा पंप यांनीही हात थरथरतात, म्हणून हा पुरावा नव्हे. टीएसएच करून घेण्याचं कारण समजा.

काही वेळा जास्त डोसचं एकही लक्षण जाणवत नाही आणि नुकसान आतून चालू राहतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात साठीपुढच्या ज्यांचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होता, त्यांना दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशन होण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट आढळलं. ठोक्यांच्या या बेशिस्तीतून रक्ताची गुठळी आणि पक्षाघात होऊ शकतो. पाळी गेलेल्या बायकांची हाडंही विरळ होतात. त्यामुळे 'मला बरं वाटतंय, डोस असाच राहू दे' हे टीएसएच ०.०५ असताना चालणार नाही. थायरॉइडच्या कॅन्सरनंतर टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात, तो अपवाद. तिथे मर्यादा तज्ज्ञ ठरवतात.

केसांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण गोळी बंद करण्याचं ते मोठं कारण असतं. सुरुवातीच्या काही महिन्यांत केस गळू शकतात. हार्मोनची पातळी बदलली की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. पातळी स्थिर राहिली की ते बहुधा परत येतात. मध्येच गोळी सोडली तर पातळी पुन्हा हलते आणि गळती लांबते. वजनाचंही तसंच: हायपोथायरॉइडिझममुळे वाढलेलं वजन बहुधा दोन ते पाच किलो आणि त्यात क्षार-पाण्याचा वाटा मोठा. तेवढं उतरेल. वीस किलो उतरवायला गोळी वाढवून मागणं म्हणजे हृदय धोक्यात घालणं.

टीएसएच बरोबर असूनही त्रास होतोय? गोळीत औषधाशिवाय रंग आणि लॅक्टोज असतं. अंगावर पुरळ किंवा पोटफुगी असेल तर दुसऱ्या घटकांची गोळी बदलून बघता येते. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी चालू असेल तर थायरॉइड सुधारताना साखरेच्या औषधाची गरज वाढू शकते, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. सुरुवातीला दोन्हींची तपासणी जास्त वेळा करा. क्वचित एखाद्याची मूत्रपिंडावरची, शरीरातलं स्टिरॉइड बनवणारी ॲड्रिनल ग्रंथीही कमी काम करत असते. अशा माणसाला आधी स्टिरॉइड न देता लेव्होथायरॉक्सिन दिलं तर जिवावर बेतू शकतं. गोळी सुरू केल्यावर बरं वाटायच्या ऐवजी उलट्या, चक्कर, रक्तदाब उतरणं आणि विलक्षण गळाठा आला तर तडक हॉस्पिटलमध्ये जा.

गरोदरपण

आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईला गरोदर राहिल्याबरोबर साधारण २५ ते ३० टक्के डोस वाढवून लागतो. सोपी पद्धत म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. ही सूचना डॉक्टरांकडून आधीच घेऊन ठेवा, म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आल्या दिवशीच अमलात आणता येते. पुढे निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच. 'गरोदरपणात औषधं नकोत' म्हणून ही गोळी बंद करणं बाळासाठी घातक आहे.

ग्रंथी जास्त चालत असेल तर

इथेही पहिला प्रश्न तोच: औषध हवं का? थायरॉइडायटिसमध्ये ग्रंथीला सूज येते आणि साठवलेला हार्मोन सांडतो. ग्रंथी नवा हार्मोन बनवतच नसते, म्हणून कार्बिमाझोलचा उपयोग शून्य. धडधडीसाठी काही आठवडे प्रोप्रानोलॉल हे ठोके मंदावणारं औषध पुरतं, तेही दमा असेल तर नाही. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हे विशेष दिसतं. ग्रेव्हज आजार (शरीराच्याच अँटिबॉडी ग्रंथीला जास्त काम करायला लावतात तो) आहे की थायरॉइडायटिस, हे टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी किंवा थायरॉइड स्कॅनने कळतं. स्तनपान चालू असेल तर स्कॅनआधी सांगा. टी-३ (ग्रंथीचा दुसरा हार्मोन) आणि टी-४ नॉर्मल आणि फक्त टीएसएच कमी असेल तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासतात. टीएसएच ०.१ च्या खाली आणि वय पासष्टच्या पुढे, किंवा हृदयाचा, हाडांचा त्रास असेल तर उपचाराकडे कल असतो.

कार्बिमाझोलवर खाज आणि पुरळ बऱ्यापैकी आढळतं. ते सौम्य असेल तर अँटिहिस्टामिनवर भागतं. खरी भीती अग्रॅन्युलोसायटोसिसची. हजारात दोन ते पाच जणांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत आणि अचानक. महिन्यापूर्वीचा चांगला रिपोर्ट यात कामाचा नाही. ताप, घसा दुखणं किंवा तोंडात फोड, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशी मोजणारी तपासणी) करून घ्या, रविवार असला तरी. पेशी नॉर्मल निघाल्या तर डॉक्टर गोळी पुन्हा सुरू करतील. कमी निघाल्या तर या जातीची कोणतीही गोळी पुन्हा आयुष्यात घ्यायची नाही, आणि हे तुमच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

डोळे पिवळे होणं, गडद लघवी, उजव्या बरगडीखाली दुखणं ही यकृताची चिन्हं, तेव्हाही गोळी थांबवून तपासणी. प्रोपिलथायोयुरासिलने यकृत निकामी होण्याचा धोका जास्त, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. तरी गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत औषध लागलंच तर तेच निवडतात, कारण कार्बिमाझोलने बाळात जन्मजात दोष होऊ शकतात. कार्बिमाझोल घेणाऱ्या बाईने मूल हवं असल्याचं आधीच सांगायला हवं. वरच्या पोटात असह्य दुखून पाठीत गेलं तर स्वादुपिंडाची सूज असू शकते, क्वचित पण औषधामुळेच.

गोळी कधी थांबवून बघता येते

ग्रेव्हजमध्ये औषध १२ ते १८ महिने देतात, मग रिसेप्टर अँटिबॉडी बघून थांबवतात. साधारण निम्म्या लोकांत आजार उलटतो, म्हणून थांबवल्यावर पहिल्या वर्षात नियमित तपासण्या लागतात.

लेव्होथायरॉक्सिन एका किंचित वाढलेल्या टीएसएचवर सुरू झालं असेल तर जुना, औषध सुरू होण्याआधीचा रिपोर्ट शोधून काढा. त्यात टीएसएच १० च्या खाली, फ्री टी-४ नॉर्मल आणि अँटिबॉडी निगेटिव्ह असेल तर गोळी थांबवून बघता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. डोस ५० किंवा कमी असेल तर काही डॉक्टर एकदम थांबवतात, जास्त असेल तर पायरीपायरीने उतरवतात. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-४, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाला एकदा. टीएसएच पुन्हा १० पार गेला किंवा टी-४ घसरला तर गोळी परत सुरू. उघड हायपोथायरॉइडिझम होता, ग्रंथी काढली आहे, रेडिओआयोडीन घेतलं आहे, कॅन्सर होता, किंवा गरोदर आहात अथवा राहू इच्छिता, तर हा प्रयोग तुमच्यासाठी नाही.